क्लेम पर्स्लोच्या बोटीतला गॅस

मी कोळशाची बोट चालवते. कोळसा, डिझेल, गॅसचे सिलिंडर आणि गिऱ्हाईक बोलकं असेल तर गावगप्पा, एवढा माझा माल. पंधरवड्याला एकदा ड्रेटनच्या कालव्यावरून खाली जायचं आणि तसंच वर यायचं. सव्वीस वर्षं झाली. कुणाची चूल पेटलीय, कुणाची विझलीय, कुणा नवरा-बायकोचं आज बिनसलंय, हे मला धुराड्याकडे बघून कळतं. त्यामुळे क्लेम पर्स्लोबद्दल सांगतेय ते ऐकीव नाही. अर्धं माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, आणि उरलेल्या अर्ध्यात मी स्वतःच नको तिथं तोंड घातलंय.

क्लेम पाणीखात्यातला माणूस. चौतीस वर्षं त्यानं रस्ते खणून पाण्याचे नळ जोडले. रस्त्याखाली कुठं गळतंय ते शोधायची त्याची जुनी पद्धत होती. जमिनीला काठी टेकवायची, काठीला कान लावायचा, आणि डोळे मिटून उभं राहायचं. लोकांना वाटायचं, हा उभ्या उभ्या झोपला की काय. मग डोळे उघडून म्हणायचा, "इथं खणा." खणलं की तिथंच पाणी. निवृत्त होताना खात्यानं त्याला घड्याळ दिलं, आणि ती काठी त्यानं न विचारता घरी आणली.

असा हा गुणी माणूस. पण एक खोड अशी की देवासमोर उभा केला तरी "मी चुकलो" म्हणणार नाही. पडलो तरी नाक वर! लग्नाच्या दुसऱ्या दिवशी यानं एनिडला चुकीच्या गाडीत बसवलं आणि समुद्राऐवजी क्रू नावाच्या रेल्वे जंक्शनवर उतरवलं. दिवसभर सांगत होता, मला क्रू बघायचंच होतं. आता क्रू स्टेशनवर नव्या नवरीला दाखवण्यासारखं काय आहे ते कुणीतरी मला सांगावं.

एनिड त्याची बायको. शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं डाव हलवलेली, बुटकी, गोरीपान, हसली की खांदे हलतात. ड्रेटनची आल्याची बिस्किटं सगळेच करतात, पण एनिडच्या बिस्किटांसाठी मी कोळशाचं पोतं आधी उतरवायचं विसरलेय. नऊ वर्षांपूर्वी तिला जबरदस्त फ्लू झाला. ताप गेला, पण जाताना नाकातला वास घेऊन गेला. गुलाब नाही, मासळी नाही, करपलेलं दूध नाही, काही म्हणजे काही कळत नाही. तेव्हापासून ती बिस्किटं घड्याळ बघून करते.

त्याच हिवाळ्यात एक गोष्ट घडली. दुपारी क्लेमनं घरी येऊन दूध गरम केलं, शेगडीचं बटण अर्धवट फिरवलं आणि पुन्हा कामावर गेला. जाळ विझलेला, गॅस चालू. एनिड त्याच खोलीत पाऊण तास लोकर विणत बसली होती. शेजारीण अंडी मागायला आली म्हणून निभावलं. तिनं दारातच किंचाळून एनिडला ओढत बाहेर काढलं. संध्याकाळी क्लेम घरी आला, शेगडीकडे बघितलं आणि म्हणाला, "बटण सैल होतं." दुसऱ्या दिवशी त्यानं अख्खी शेगडी बदलली. चांगली भारीतली आणली. पण 'मी बंद करायला विसरलो' हे चार शब्द त्या घरात कुणी ऐकले नाहीत.

हे मला एनिडनंच सांगितलं होतं. तक्रार म्हणून नव्हे. बिस्किटं कागदात बांधता बांधता, सहज. "बटण सैल नव्हतं गं, ग्लेंडा," ती म्हणाली. "मी शंभरदा फिरवून पाहिलेलं."

तर या दोघांचं भाड्याचं घर मालकानं विकायला काढलं. जुलैच्या शेवटच्या शनिवारी किल्ल्या द्यायच्या होत्या. क्लेमनं साठवलेल्या पैशातून राहायला एक बोट घेतली, पन्नास फुटी, नाव 'टीझल'. आधीचा मालक एकटा म्हातारा, कोळशाच्या चुलीवर डबे गरम करून आयुष्य काढलेला. बोटीत गॅस नव्हताच. एनिडला बोट आवडली. खिडकीतून बदकं दिसतात म्हणून जास्तच आवडली. पण तिनं एक अट घातली.

"ओव्हनवाली शेगडी हवी. आणि गॅसच्या तपासणीचा दाखला हातात पडल्याशिवाय मी तिथं एक रात्रही झोपणार नाही."

"आणि नाही पडला तर?" क्लेमनं विचारलं.

"तर मी म्युरियलकडे."

म्युरियल ही एनिडची बहीण, दूर समुद्रकाठी लँडुडनोला राहणारी. तिच्याकडे एक खोली मोकळी होती. खोलीत पलंग एक, तोही एकट्याचा.

मार्चमध्ये तो मला म्हणाला, "गॅस मी स्वतः बसवणार."

"अरे बाबा, परवानेवाला फिटर बोलाव," मी म्हटलं. मी हे प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगते. सिलिंडर विकणारीनं तरी सांगायला हवं.

"चौतीस वर्षं नळ्याच जोडल्या. पाणी काय नि गॅस काय, दोन्ही नळीतूनच वाहतं."

"पाणी गळलं तर पाय भिजतो, क्लेम. गॅस गळला तर पाय राहत नाही."

तो नुसता हसला आणि कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर रेघ मारायला लागला.

पण खरं सांगते, त्याचं काम बघण्यासारखं होतं. जिथं एका तुकड्यात भागतं तिथं जोड नाही. तांब्याची नळी वाकवायची तर अशी की कुठं चेपलेली दिसू नये. वीतभर अंतरावर पट्टी. लाकडातून नळी जाते तिथं रबराचं कडं, म्हणजे बोट हलली तरी घासायला नको. संध्याकाळी सगळं झाल्यावर हा नळीला काठी लावून काठीला कान लावून उभा. मी म्हटलं, "काय म्हणतेय?" म्हणाला, "गप्प आहे."

बोटीत गॅसची भीती वेगळी असते. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड. घरात गळला तर दारंखिडक्या उघडून घालवता येतो. बोट म्हणजे एक लांबट भांडं, त्यात गळला की तळाशी जाऊन दबा धरून बसतो. म्हणून सिलिंडरचा कप्पा बोटीच्या अगदी नाकाशी, राहायच्या भागापासून पक्का बंद, आणि कप्प्याच्या तळाशी बाहेर उघडणारं एक भोक. गळलाच तर त्या भोकातून कालव्यावर ओघळून जावा. भोक अर्थातच पाण्याच्या वर हवं. टीझलला असा कप्पा नव्हताच. क्लेमनं वेल्डर आणून पोलादी पेटी बसवून घेतली. तळ कुठं, भोक कुठं, या खुणा मात्र क्लेमच्या. मार्चमधल्या एका शांत सकाळी तो काठावर पोट टेकून आडवा झाला, पाण्यापासून दोन बोटं वर मोजलं आणि पेन्सिलीनं फुली मारली. दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा मला मोजायला लावलं. दोन बोटं बरोबर होती.

आणि एक वस्तू त्यानं खास एनिडसाठी बसवली. कप्प्यात, सिलिंडरच्या शेजारी, काचेची एक छोटी डबी, आत पाण्यासारखं काहीतरी. वर बटण. शेगडी बंद ठेवून बटण दाबायचं आणि काचेत बघायचं. नळीत कुठंही गळती असली, किंवा शेगडी चालूच राहिली असली, की डबीत बुडबुडे येतात. माझ्याकडून तेवढ्या चाचणीपुरता एक सिलिंडर उसना घेऊन त्यानं एनिडला बोलावलं. तिनं दाबलं. काही नाही. मग त्यानं मुद्दाम शेगडीपाशी एक जोड जरासा ढिला केला आणि ओरडला, "आता दाब!"

बुडबुड बुडबुड बुडबुडे. एनिड "अगंबाई" म्हणाली आणि परत दाबलं. आणखी एकदा दाबलं. लहान मूल घंटी वाजवत राहतं तशी ती दाबतच राहिली.

"डोळ्यांना दिसतो की रे!"

"मग? नाक कशाला पाहिजे?" क्लेम छाती काढून म्हणाला.

त्या दिवशी मला वाटलं, जमलं यांचं. आता तपासणीचा साहेब येईल, कागदावर सही करेल आणि म्युरियलची खोली रिकामीच राहील.

तपासणी ठरली जुलैच्या शेवटच्या गुरुवारी, सकाळी अकराला. शनिवारी घराच्या किल्ल्या. मी दोन भरलेले सिलिंडर घेऊन साडेनऊलाच पोचले आणि माझी बोट टीझलला चिकटवून बांधली. एनिड आत गुडघ्यांवर बसून फरशी घासत होती. डोक्याला रुमाल, बाह्या वर.

"क्लेम कुठंय?"

"सायकलवर गावात गेलाय. गळती शोधायला सांध्यांना फासतात तो कसलासा फेस आणायला. मी पहिल्या बसनं आले. म्हटलं, साहेब यायच्या आत जरा माणसांचं घर दिसू दे. तर नळाला पाणीच नाही! मग काठावरच्या नळाला पाइप लावला आणि टाकी काठोकाठ भरून घेतली. तासभर लागला बाई."

"छान केलंस," मी म्हटलं. सव्वीस वर्षं कालव्यावर काढलेली मी, आणि माझीही ट्यूब पेटली नाही.

क्लेम आला. घाम पुसत म्हणाला, "चल, सिलिंडर ठेवून घेऊ." आम्ही दोघं नाकाशी गेलो. त्यानं कप्प्याचं झाकण उचललं आणि तसंच धरून उभा राहिला.

कप्प्यात चार बोटं पाणी. हिरवं, कालव्याचं. आणि त्यात करंगळीएवढा एक मासा मजेत फिरत होता.

"पाऊस पडला असेल," क्लेम म्हणाला.

"पाऊस मासे घेऊन येतो होय रे?"

तो वाकला. बोटीच्या बाहेरच्या अंगाला, पेन्सिलीची फुली होती तिथं बघायला लागला. फुली दिसेना. फुली पाण्याखाली, आणि भोकही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बोटीची पाण्याची टाकी नाकाखालीच असते. सहाशे लिटरची. हिवाळ्यात पाणी गोठून नळ फुटू नयेत म्हणून सगळेच ती उपसून ठेवतात. क्लेमनंही ठेवली होती. आणि मार्चपासून जुलैपर्यंत तो थर्मासातला चहा पीत काम करत राहिला, टाकी भरायची गरजच पडली नाही. रिकाम्या टाकीनं नाक वर उचललेलं, तेव्हा यानं मोजलं. सहाशे लिटर पाणी भरल्याबरोबर नाक खाली गेलं आणि गॅस बाहेर जायच्या भोकातून कालवा आत आला. चौतीस वर्षं पाणीखात्यात काढलेला माणूस पाण्याचंच वजन धरायला विसरला! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

क्लेमचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल.

"टाकी कोणी भरली?" तो ओरडला.

एनिड रुमाल सावरत दारात आली. "मी. का रे?"

"विचारायचं तरी आधी!"

"पाणी भरायला विचारायचं?" ती गोंधळून म्हणाली. "माझं काही चुकलं का?"

तो पुन्हा भोकाकडे वाकला. ती आत गेली. मला तेव्हा त्याच्या एक ठेवून द्यावीशी वाटली होती, हे लपवत नाही. पण त्याच्याकडे बघितलं आणि राग गळून गेला. आत्तापर्यंत ताठ उभा असलेला माणूस एकदम म्हातारा दिसायला लागला होता. त्याला बोट दिसत नव्हती, गॅस दिसत नव्हता. लँडुडनोचा तो एकट्याचा पलंग दिसत होता.

आणि इथं मी तोंड घातलं. आवाज खाली आणून म्हटलं, "हे बघ, अजून सव्वा तास आहे. आतले सगळे नळ सोडून दे. टाकी रिकामी झाली की नाक येईल वर. मी कप्पा पुसते. साहेब भोक बघेल, दोन बोटं वर असेल, सही करेल. मग पुढच्या आठवड्यात गुपचूप वेल्डर बोलाव. कुणाला कळतंय?"

तो मान डोलावून आत गेला.

मी मगानं कप्पा उपसायला लागले. माशाला आधी सोडलं. बाजूची खिडकी उघडी होती, आतलं सगळं दिसत होतं नि ऐकू येत होतं. क्लेमनं स्वयंपाकघरातले दोन्ही नळ सोडले, मग न्हाणीतले. पंप घुर्र करायला लागला. एनिड बिस्किटांचा पत्रा पुसत उभी होती.

"पाणी का सोडतोयस? आत्ताच तर भरलं."

"टाकी धुतोय," क्लेम तिच्याकडे न बघता म्हणाला.

एनिडचा हात थांबला. "अगं बाई. वास मारत होतं का पाणी?" ती हळूच म्हणाली. "मी त्याच पाण्यानं फरशी पुसली रे. किटलीही भरून ठेवली. मला कुठं कळतंय."

तिनं किटली उचलली आणि झाकण काढून आत नाक घातलं. सवयीनं. नऊ वर्षं झाली तरी माणूस नाक घालतोच. मग किटली क्लेमपुढं धरून म्हणाली, "तू बघ ना. येतोय का वास?"

माझा मग हातातच राहिला. क्लेम त्या किटलीकडे बघत होता. पंप घुरघुरत होता, पाणी धो धो चाललं होतं. त्यानं हात पुढं केला आणि एक नळ बंद केला. दुसरा बंद केला. न्हाणीत जाऊन तिथलेही बंद करून आला. बोटीत एकदम शांत झालं.

"पाण्याला काही झालेलं नाही, बयो," तो म्हणाला. "चांगलं पाणी आहे."

"मग?"

"मी भोक चुकीच्या जागी पाडलं. टाकी रिकामी असताना मोजलं मी. तू पाणी भरलंस म्हणून उघडकीला आलं, नाहीतर आपण वर्षभर पाण्याखालच्या भोकावर झोपलो असतो. तुझं काही चुकलं नाही. चूक माझी."

त्यानं किटली तिच्या हातातून घेऊन ओट्यावर ठेवली. मग ओट्याकडेच बघत म्हणाला, "आणि ते बटणही सैल नव्हतं."

मी खिडकीपाशी आणखी सरकले.

"माहितीये मला," एनिड म्हणाली.

"माहितीये?"

"नऊ वर्षं माहितीये. मला वाटलं होतं, थडग्यावरच लिहून घेशील."

आणि मग ती बाई रडली. पत्रा पुसायचं फडकं तोंडाला लावून चांगली हमसून रडली, आणि मध्येच तिचे खांदे हसताना हलतात तसे हलायला लागले, त्यामुळे रडतेय की हसतेय ते मला कळेना. क्लेम तिच्या पाठीवर थोपटत होता, नळीवर ठोकून बघतात तसा, दोन बोटांनी.

तपासनीस थ्रेलफॉल बरोबर अकराला आला. काटकुळा, चष्मा दोरीला बांधलेला, बोटीत पाय ठेवायच्या आधी तीनदा बूट पुसणारा. क्लेमनं त्याला चहासुद्धा विचारला नाही. काठावरच उभं करून सगळं सांगितलं. टाकी, मार्च, दोन बोटं, मासा. थ्रेलफॉलनं वाकून बघितलं, बाकी सगळी तपासणी केली, नळीला दाब लावून काटा किती वेळ जागचा हलत नाही ते बघितलं, बुडबुड्यांची डबी बघितली. मग चष्मा सोडला.

"काम सुरेख आहे, मिस्टर पर्स्लो. असं हातचं काम आता बघायला मिळत नाही."

"पण दाखला नाही."

"भोक पाण्याखाली असताना कसा देऊ? तळ उचलून घ्या, वर नवं भोक पाडा, जुनं बुजवा. मी तीन आठवड्यांनी येतो." जाता जाता तो थांबला. "टाकी रिकामी असती तर कदाचित माझ्या लक्षात आलं नसतं. कदाचित आलं असतं. सांगितलंत ते बरं झालं."

तो गेला. मी माझे सिलिंडर परत माझ्या बोटीत चढवले. सही नाही तर गॅस नाही, एवढं मीही पाळते. क्लेम काठावरच्या गवतात बसला होता. एनिडनं हात धुतले, रुमाल सोडला, बसची वेळ बघितली.

"म्युरियलला फोन करायचा असेल ना तुला," क्लेम म्हणाला. "शनिवारी मी सामान तिकडे पोचवतो."

"म्युरियलला कशाला फोन? तिला मांजर चालत नाही."

"आपल्याकडे कुठंय मांजर?"

"नसेना का. पाळायचं झालं तर?" एनिड पिशवी खांद्याला लावत म्हणाली. "लग्न झाल्यापासून सदतीस वर्षं मी थांबले, क्लेम. कागदासाठी तीन आठवडे आणखी थांबेन. पण इथं थांबेन. शनिवारी उशा तेवढ्या वरच्या खोक्यात ठेव, मला रात्री शोधत बसायला लावू नकोस."

एवढं बोलून ती बसथांब्याकडे चालायला लागली. क्लेम पाठमोऱ्या तिच्याकडे बघत बसून राहिला, आणि मी इंजिन सुरू करायच्या निमित्तानं तोंड फिरवलं. मला सर्दी झाली होती, असं समजा.

तर अशी एनिड दाखल्याशिवाय बोटीवर राहायला आली. शेगडीवर गॅस नाही, म्हणून ते दोघं ऐन ऑगस्टच्या उकाड्यात चहासाठी कोळशाची चूल पेटवायचे, दारंखिडक्या सताड उघड्या टाकायचे, आणि घामानं निथळत काठावर बसून चहा प्यायचे. सव्वीस वर्षांत उन्हाळ्यात माझ्याकडून कोळसा घेणारं हे एकच गिऱ्हाईक. येणारे-जाणारे बोटवाले धुराड्यातला धूर बघून विचारायचे, "थंडी वाजतेय का रे, क्लेम?" पूर्वी यानं काहीतरी शास्त्र सांगितलं असतं, चूल अधूनमधून तापवावी लागते वगैरे. आता सरळ म्हणायचा, "भोक चुकलं माझं." मग त्या माणसाला थांबवून अख्खी गोष्ट ऐकवायचा. लवकरच ती गोष्ट माझ्या आधी पुढच्या मुक्कामांवर पोचायला लागली. दर खेपेला मासा थोडा मोठा व्हायचा.

वेल्डरनं तळ वीतभर उचलला. त्यामुळे आधीचे मोठे सिलिंडर झाकणाखाली मावेनात. मी बुटके आणून दिले. या वेळी मोजायच्या आधी क्लेमनं टाकी काठोकाठ भरली, नाकावर माझ्याकडून उसनी घेतलेली चार पोती ठेवली, एनिडला आणि मला पोत्यांवर बसवलं, आणि मगच काठावर आडवा झाला.

"हलू नका!" तो खालून ओरडला.

"माझं वजन धरलंस ना नीट?" एनिड म्हणाली. "की तेही मार्चमधलं?"

थ्रेलफॉलनं सही केली. एनिडनं दाखला वाचला, घडी घातली आणि चमच्यांच्या खणात टाकून दिला. मी म्हटलं, "अगं, याच्यासाठी एवढा जीव टाकलास ना?" तर म्हणाली, "हो की. असू दे तिथं. ओव्हन तापतोय, तू थांब."

बिस्किटं खाताना मला राहवेना. म्हटलं, "एनिड, तुला एक सांगायचंय. त्या दिवशी नळ सोडायला क्लेमला मीच सांगितलं होतं."

"ऐकलं होतं मी."

"मी हळू बोलले होते!"

"तुझं हळू ड्रेटनच्या बाजारात ऐकू जातं, ग्लेंडा." तिनं ताटली माझ्यापुढं सरकवली. "घे अजून एक. चांगल्या मनानंच म्हणालीस."

"चांगलं मन असेल, पण चुकलंच माझं," मी म्हटलं. आणि सांगते, वाटतं तेवढं जड जात नाही ते.

परवा सकाळी मी त्यांच्या शेजारीच बांधून होते. सात वाजले असतील. एनिड रोजच्यासारखी झग्यावर स्वेटर चढवून नाकाशी आली, कप्प्याचं झाकण उचललं, वाकून बटण दाबलं. मी माझ्या बोटीवरून बघत होते.

"क्लेम!" तिनं हाक मारली. आवाजात घाबरल्याचं काही नव्हतं. "बुडबुडे!"

"चूक माझी!" आतून लगेच उत्तर आलं. "शेगडीवर किटली ठेवली होती! थांब, बंद करतो... केली! दाब आता!"

तिनं पुन्हा दाबलं, बघितलं, मान हलवली. "आता नाहीत!"

"नाहीत ना? मग ठेवू परत?"

"ठेव." तिनं झाकण लावलं आणि मला बघून थांबली. "आठवड्यातून दोनदा तरी होतं हे," ती म्हणाली. "विसरतो मेला. पण ओरडून सांगतो बघ."

मग तिनं घड्याळ बघितलं, बिस्किटांसाठी ओव्हन पेटवायची वेळ झाली म्हणाली आणि आत पळाली.